कॅमेरा कुणाचा?

मिरजगावात हायवेलगतच्या फोटो स्टुडिओत मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली, तेव्हा लोक म्हणाले, जमिनीवरून फाटलं असेल. कसली जमीन! दोघे सख्खे भाऊ लेन्सवरून फाटले होते.

सुनील थोरला. त्याची झूम लेन्स म्हणजे घरचा बैल. जागेवर उभं राहून कडं फिरवलं की नवरीच्या नथीपासून अख्ख्या मांडवापर्यंत सगळं टिपायची. धाकट्या ओमने प्राइम लेन्स आणली. ती झूम होत नाही, माणसालाच पुढंमागं पळावं लागतं, पण चेहरा असा कोरून काढते की बघत राहावं. एवढ्यावर तो थांबला असता तर देव पावला असता. त्याने खर्ड्याच्या किल्ल्याचा दरवाजा एकाच जागेवरून दोन्ही लेन्सनी टिपला आणि फोटो मोठे छापून रस्त्याकडे तोंड करून टांगले. ओमच्या फोटोत दगडांच्या फटीतलं गवतही काडीकाडीनं दिसत होतं. सुनीलच्या झूमने काढलेल्या फोटोत कडेचे दगड भिजल्या साबणासारखे. येणारा-जाणारा हसायचा. सुनीलने तो अपमान गिळला नाही, तोंडात धरून ठेवला. आठवड्यात भिंत उभी राहिली.

अशात बहिणीचं, संस्कृतीचं लग्न निघालं. ती दोघांना म्हणाली, "कसेबी फोटो काढा. मला येकच पायजे, तुमी दोघं अन् मधी मी. सासरी लावनार हाय." दोघांनीही मान हलवली.

लग्नात कानपिळीचा मान सुनीलचा. नवरदेवाचा कान पिळताना मांडव खदखदला, आणि खूप दिवसांनी तोही हसला. मग त्याने ओमच्या कॅमेऱ्यात तो फोटो पाहिला. नवरीची पापणी न पापणी मोजून घ्यावी. तिच्यामागे कान पिळणारा भाऊ म्हणजे नुसता धूर.

"मला पुसलंस व्हय रं?"

"प्राइममधी मागचं धूसरच येतं. तुला काय कळायचं त्यातलं!"

"फोकस कुनावर धरायचा ते हातात असतं. लई शहाना झालास."

पाठवणीची वेळ आली. गाडी सुरू झाली होती. संस्कृती दोघांचे हात घट्ट धरून उभी होती आणि भिमाजीमामा बटण दाबायला तयार होते. पण कॅमेरा कुणाचा?

"माझा घ्या मामा," सुनील म्हणाला. "हाय तिथनंच तिघं बसत्याल."

"त्या भिंगातनं? म्हस हाय का बहीन ते कळायचं न्हाई," म्हणत ओमने आपला कॅमेरा मामांच्या गळ्यात घातला. "जरा मागं सरा, मामा."

"मागं गटार हाय रं!"

सुनीलने हात सोडवून तो कॅमेरा मामांच्या गळ्यातून हिसकला. ओमने पट्टा धरला. मग आईवरून शिव्या निघाल्या. आई दोघांची एकच, छबूबाई, आणि ती समोरच उभी होती. कुणाला लाज वाटली नाही. कोण बोललं, कोण आडवं आलं, काही कळेना. पट्टा तुटला तेव्हा संस्कृतीला घेऊन गाडी हायवेला लागली होती.

महिन्याने सुनील मुराळी म्हणून बहिणीला आणायला गेला. तिच्या खोलीत, आरशाशेजारी एक फोटो लावलेला होता. मामांनी मोबाईलवर काढलेला, हललेला. दोन्ही भाऊ पट्ट्याला लोंबकळलेले, दात बाहेर. मध्ये ती, डोळे मिटून.

"हा कशाला लावलास? काढ तो."

"ऱ्हाऊ दे दादा. तुमी दोघं अन् मधी मी, असा दुसरा हाय कुठं?"

ती बॅग भरू लागली. सुनील फोटोजवळ गेला. लाज वाटायला हवी होती, वाटलीही. पण नजर आधी दुसरीकडेच गेली. त्या हललेल्या फोटोतसुद्धा ओमच जरा जास्त स्पष्ट आला होता.