मांदूस

स्मिताने मांदुशीचं कुलूप दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. ते हललं नाही. पेटीच्या कडेला, पलंगाखाली, स्पृहाचे शाळेचे बूट नीट जोडून ठेवलेले होते.

"स्पृहा!" तिने जड लाकडी झाकणावर थाप मारली. "स्पृहा, ऐकतेस ना?"

आतून काही आलं नाही.

बहारीनमधल्या मुहर्रक शहरातल्या मोत्यांच्या व्यापाऱ्याचं हे जुनं घर आता संग्रहालय झालं होतं. तिथल्या वस्तूंची निगा राखणं हे स्मिताचं काम. शाळा लवकर सुटली म्हणून लेकीला तिने आज गुपचूप बरोबर आणलं होतं, आणि नेमक्या त्याच घराण्यातल्या वडीलधाऱ्या उम जासिम आपल्या आईचं शेजघर बघायला आल्या. जिन्यावर पावलं वाजताच स्मिता दबक्या आवाजात म्हणाली होती, "आत जाऊन बस. मी हाक मारेपर्यंत अगदी चूप."

आत म्हणजे मागच्या न्हाणीत. पण हवा लागावी म्हणून मांदूसही उघडीच ठेवलेली होती. बाईंना घेऊन ती परतली तेव्हा झाकण मिटलेलं दिसलं. ते कुणी मिटलं, हे तिच्या मनातही आलं नाही. "ताला लगा दो, बेटी," उम जासिम म्हणाल्या, आणि तिने कुलूप दाबलं. किल्ली घेऊन त्या खाली कॉफी प्यायला गेल्या.

त्या गेल्यावर तिने पाहिलं, तर न्हाणी रिकामी होती.

स्मिता सज्जाकडे धावली.

"बीबी, चाबी! मेरी बच्ची अंदर है!"

मागे येऊन तिने पेटीला कान लावला. लांबी, रुंदी, उंची. सहा वर्षांच्या मुलीला एवढी हवा बराच वेळ पुरते, हे तिला ठाऊक होतं. पण धूळ जाऊ नये म्हणून झाकणाच्या कडेला पट्टी तिनेच चिकटवली होती. तिने हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडला.

उम जासिम अबाया मुठीत धरून धापा टाकत वर आल्या. त्यांच्या हातून घेतलेली किल्ली स्मिताने घाईत उलटी घातली.

"यल्ला, इधर दो," म्हणत त्यांनी ती हिसकावून घेतली.

झाकण उघडलं. जुन्या रेशमी कपड्यांवर स्पृहा मुटकुळं करून पडली होती. घामाने निथळत होती. डोळे टक्क उघडे, दोन्ही तळवे तोंडावर घट्ट दाबलेले.

स्मिताने तिला उचलून छातीशी धरलं. "किती हाका मारल्या गं! ओ का नाही दिलीस?"

"यू कॉल्ड मी स्पृहा."

"मग?"

"तू चिऊ म्हणतेस. स्पृहा इज व्हेन यू आर अँग्री." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "आय वॉज स्केअर्ड."

पाठीवरून फिरणारा स्मिताचा हात थांबला.

"क्या बोली?" उम जासिमनी विचारलं.

"बोलती है, अंदर बहुत अंधेरा था."

स्पृहाला हिंदी समजत होती. तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि घाईघाईने मान डोलावली.