डाव्या बाजूची गाडी

केसलिंग कंपनीची मोठी गाडी अर्धीच होती, आणि ती अर्धी माझ्या हातची होती.

कारखान्यात जाण्याआधी गाडी आम्ही मातीत पूर्ण मापाची घडवून बघतो, आणि मातीच्या त्या एकाच नमुन्याला दोन बाजू होत्या. डावीकडे ऑरिन टीसडेलसाहेबांनी काढलेली लांबलचक, भारदस्त गाडी. उजवीकडे आमचीच जुनी छोटी गाडी, नाकाशी हातभर ताणलेली आणि क्रोमच्या पट्ट्यांनी मढवलेली. पुढच्या जाळीपासून मागच्या बंपरपर्यंत मधोमध एक सरळ रेघ. आमच्या धंद्यात असं करतात. दोन अख्खे नमुने करायचे तर माती, माणसं, वेळ सगळंच दुप्पट लागतं, आणि त्या वर्षी केसलिंगमध्ये कशाचंच दुप्पट करायची ऐपत उरली नव्हती. डावी बाजू माझ्याकडे होती, उजवी क्लेम डुडेककडे.

क्लेम हॅमट्रॅमिकच्या पोलिश वस्तीत माझ्याच गल्लीत राहायचा, रविवारी चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि आठवडाभर माझं डोकं खायचा.

"हॅटी, तुझी बाजू बघून माझी बाजू लाजते गं."

"लाजू दे. तोंडच तसं आहे तिचं."

"तोंड मी नाही दिलं. ते कंपनीनं दिलंय. मी नुसती पावडर लावतोय."

युद्धात पुरुष लढायला गेले तेव्हा मातीकामाच्या या खोलीत बायकांना घेतलं होतं. युद्ध संपलं, बाकीच्या घरी गेल्या, मी गेले नाही. मला जा म्हणायची कोणाची टाप नव्हती, कारण टीसडेलसाहेबांना माझा हात पसंत होता. माझ्या जिभेला हाड नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण ते म्हणायचे, मातीला जीभ ऐकू येत नाही, हात कळतो.

साहेब आमचे मुख्य डिझायनर. काटकुळा माणूस, कोटाखाली कायम जाकीट, आणि इतक्या मोठ्या हुद्द्यावर असून नखांत माती. आयुष्यभर त्यांनी छोट्या गाड्या काढल्या होत्या, शाळामास्तरांच्या, पोस्टमनच्या, नव्या लग्नाच्या जोडप्यांच्या. पण प्रत्येक कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं एक लांब गाडी काढलेली असायची. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते. ती गाडी कागदाच्या मागून पुढं यायची ही शेवटची संधी होती, आणि हे खोलीतल्या झाडूवाल्यालाही माहीत होतं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. "माणूस लग्न करून आपल्या गाडीतून घरी येतो. पहिलं मूल दवाखान्यातून आपल्याच गाडीतून आणतो. मग त्याला बढती मिळते आणि तो आपल्या गाडीची किल्ली दुसऱ्याच्या दुकानात टेबलावर टाकतो, मोठी गाडी घेऊन निघून जातो. का? तर आपल्याकडे त्याला द्यायला मोठी गाडीच नाही. आपण गिऱ्हाईक वाढवतो आणि मोठं झालं की लोकांना देऊन टाकतो."

याच्या उलट बाजूला होते एव्हरेट लूमिस. कंपनीचे पैसे त्यांच्या ताब्यात. चेहरा असा की हसले तर कुठंतरी खर्ची टाकावं लागेल. ते म्हणायचे, "उरलेत तेवढे सगळे पैसे एका गाडीच्या साच्यांत ओतायचे? आणि ती नाही चालली तर? कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागेल, ऑरिन. तुझी ती सुंदर गाडी कुलपाच्या आत उभी राहील." आमच्या खोलीला ते चिखलाची शाळा म्हणायचे आणि वर्षभरात एकदाही तिथं फिरकले नव्हते. मी त्यांना मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या, काही पोलिशमध्ये.

निर्णय लायमन केसलिंग घेणार होते. आजोबांनी काढलेली कंपनी नातवाच्या गळ्यात पडली होती. माणूस सज्जन, पण शेवटी जो बोलेल त्याचं त्याला पटायचं. म्हणून ते एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळायचे. गाडीच्या बाबतीत ऑरिन जे म्हणेल ते शेवटचं.

नमुना दाखवायचा दिवस नेमका चर्चचे चाळीस दिवसांचे उपवास सुरू व्हायच्या आदला मंगळवार आला. त्या दिवशी आमच्याकडे घरोघरी पॉन्चकी तळतात, आत मुरंबा, वर साखर. क्लेमनं डबा भरून आणला होता आणि साखरेच्या बोटांनी तो माझ्या बाजूला हात लावायला आला.

"बोट लावलंस तर तोडीन," मी म्हटलं.

"अगं, तेवढीच गोड होईल."

मातीवर आम्ही गडद निळ्या रंगाचा कागदासारखा पातळ थर ओला करून चिकटवला होता, जिथं क्रोम यायचं तिथं चांदीचा वर्ख, काचांच्या जागी काळा रंग. दाराच्या मुठी लाकडाच्या, वर्ख लावून टाचण्यांनी मातीत खोचलेल्या. दिवे लावले आणि मी मागं सरले. इतके महिने मी तिच्यावर पट्टी फिरवत होते, कुठं खोलगट आहे, कुठं फुगीर आहे एवढंच बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला गाडी दिसली. खांद्याची रेघ पुढच्या दिव्यापासून निघून मागच्या दारावर हलकेच वर उचलली जायची आणि कुठंही न अडता शेवटपर्यंत जायची. एवढ्या मोठ्या गाडीत कसलाच तोरा नव्हता. मला आनंदानं रडू आलं आणि मी ते क्लेमपासून लपवलं.

मंडळी डावीकडच्या दारानं आत आली. केसलिंग थबकले आणि त्यांनी तोंडातला चिरूट काढला. लूमिस त्यांच्या मागून आले. टोपी हातात, कपाळाला आठी. ते गाडीजवळ गेले, एकदा पुढून मागे बघितलं, सरळ चालत मागच्या दाराशी आले आणि मूठ धरून दार ओढलं.

मूठ त्यांच्या हातात आली.

मग क्लेमच्या तोंडून हुंदक्यासारखं हसू फुटलं. आमच्या धंद्यात याहून मोठं बक्षीस नाही. खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की ही माती आहे. ठाऊक असूनही ज्याचा हात दाराकडे जातो, त्यानं गाडी खरी मानलेली असते. आणि इथं हात गेला होता लूमिसांचा.

"आत लाकडाचा सांगाडा आहे साहेब," क्लेम म्हणाला. "बसाल तर कुसळ घुसेल."

लूमिस कानापर्यंत लाल झाले. हातातल्या मुठीकडे बघत म्हणाले, "मी विनीसाठी उघडत होतो." विनी म्हणजे त्यांची बायको, आणि ती तिथं नव्हती. त्यानंतर कोणी हसलं नाही. मीसुद्धा नाही. वर्षभराच्या शिव्या मी तिथल्या तिथं परत घेतल्या.

मग जे झालं ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. लूमिस गाडीभोवती फिरायला लागले. वाकून खांद्याची रेघ बघितली, मागच्या चाकाशी उकिडवे बसले आणि उठले ते पार वेगळे होऊनच.

"लायमन, ही गाडी काढायची," ते म्हणाले. "मार्ग आहे. सगळे साचे नवे कशाला? दारं छोट्या गाडीची घेऊ, छप्पर तिचंच, इंजिनही सहा सिलिंडरचं आहे तेच. नाक तेवढं लांब करू. निम्म्या पैशात होईल. फाटक उघडं राहील आणि गाडीही रस्त्यावर येईल."

केसलिंगांचा चेहरा उजळला. दोघांचंही ऐकता येईल अशी वाट त्यांना आयुष्यात प्रथमच मिळाली असावी. "ऑरिन, तू हो म्हण. आज दुपारी सही करतो."

मी टीसडेलसाहेबांकडे बघत होते. म्हणा, मी मनात म्हणत होते. एक शब्द तर आहे. म्हणून टाका.

साहेबांनी लूमिसांच्या कोपराला धरलं आणि त्यांना गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला नेलं. केसलिंगही मागोमाग गेले.

"ही बघ," साहेब म्हणाले. "छोट्या गाडीची दारं, छोट्या गाडीचं छप्पर, नाक लांब. तू म्हणतोस ती गाडी ही आहे, एव्हरेट. क्लेमनं जीव ओतून केलीये, तरी ही अशी आहे. निम्म्या पैशात डावी बाजू होत नाही. उजवी होते."

"थोडं फार..."

"हिच्या मुठीला हात लावावासा वाटतोय तुला?"

लूमिसांनी बघितलं. खरंच प्रयत्न केला त्यांनी, मला दिसत होतं. "नाही," ते म्हणाले. क्लेम खाली बघत बोटावरची साखर पुसत राहिला.

"मग पूर्ण पैसे घालू," केसलिंग एकदम म्हणाले. "सगळे. डावी बाजू जशी आहे तशी. ऑरिन, मी तुलाच विचारतो. पहिल्या वर्षी चालेल?"

हा प्रश्न विचारायला नको होता, किंवा दुसऱ्या कोणाला विचारायला हवा होता. साहेबांनी हो म्हटलं असतं तर त्यांना कोणी खोटं पाडलं नसतं. गाड्या चालतात, नाही चालत, आधी कोणाला कळतं? डीलर गाडी मागत होते. मालक तयार होता. विरोधक तर मुळी बायकोला आत बसवायला निघाला होता. लाज वाटायचं कारण नाही, मला साहेबांनी खोटं बोलावं असंच वाटत होतं.

साहेब परत डावीकडे आले. गाडीपासून थोडे दूर उभे राहिले आणि तिच्याकडे बघत बोलले.

"पहिल्या वर्षी नाही चालणार. लोकांना केसलिंग म्हटलं की मास्तरची गाडी आठवते. बँकेचा मॅनेजर ती लगेच घेणार नाही. शेजारच्यानं घेतली का ते आधी बघेल, मग शेजारच्याची दुसऱ्या हिवाळ्यात कशी चालते ते बघेल. तिसऱ्या वर्षी मागणी येईल. तिसऱ्या वर्षी ती हवीच असेल सगळ्यांना, हे मी छातीठोकपणे सांगतो." मग त्यांनी विचारलं, "एव्हरेट, आपल्याकडे तीन वर्षं आहेत?"

लूमिसांनी नकारार्थी मान हलवली.

"मग नको," साहेब म्हणाले. "तो पैसा छोट्या गाडीत घाला. तिच्या दारातून पाणी गळतं, मागच्या सीटवर मोठ्या माणसाचे गुडघे छातीला लागतात. आधी ते बघू. बाहेर जेवढी माणसं काम करतात, त्यांना माझी गाडी नकोय. त्यांना पुढच्या वर्षी काम हवंय."

मी संतापले. हातातली ओली चिंधी मी बादलीत आपटली. इतक्या महिन्यांचा माझा जीव त्या रेघेत होता आणि हा माणूस जाकिटाची बटणं लावावीत इतक्या शांतपणे तिला नको म्हणत होता. मग त्यांचा चेहरा दिसला, आणि माझा राग बसला. एवढा एकटा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. इतका सरळही नाही. पुढंही पाहिला नाही.

केसलिंग हळू आवाजात म्हणाले, "बरं. पण नमुना तरी ठेवू या, ऑरिन. कोपऱ्यात. दिवस बदलतात."

"ठेवलात तर तुम्ही दर महिन्याला येऊन बघाल. एव्हरेट येईल. मी तर रोज येईन. आणि एक दिवस मी हो म्हणेन." साहेबांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि बाह्या वर सारल्या. "छोट्या गाडीला माती लागणारच आहे. क्लेम, ही माती मऊ करायला भट्टी पेटव."

क्लेम माझ्याकडे बघत राहिला. मी मानेनंच हो म्हटलं तेव्हा तो गेला.

निळा थर साहेबांनी स्वतः सोलला. मागच्या दारावरून तो लांब पट्ट्यांनी निघत गेला आणि आतून तपकिरी माती दिसायला लागली. आता गाडी दिसत नव्हती, तरी रेघ दिसत होती. केसलिंग निघून गेले. लूमिस मात्र टोपी धरून तसेच उभे होते. साहेबांनी खरवडायची पोलादी पट्टी उचलली तसे ते पुढं आले.

"ते दार तरी राहू दे, ऑरिन."

"दार नाहीये ते, एव्हरेट," साहेब म्हणाले. "माती आहे."

त्यांनी पट्टी खांद्याच्या रेघेवर टेकवली. दोन्ही हातांनी घट्ट धरली, पण हात काही हलेनात. आम्ही वाट बघितली. त्यांनी पाय बदलले, पट्टी पुन्हा टेकवली, पुन्हा तेच. तेव्हा मी माझी पट्टी घेतली, त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि पहिला घाव मी घातला. मग त्यांनी घातला.