नववी खुर्ची

मी सिनेमातली खुर्ची बोलतेय. पडद्यावर मला शोधू नका, मी तिथे नाही. मी गोदामात आहे, आणि बाहेर जुनं सामान फोडायला सुरुवात झाली आहे, म्हणून जरा घाईने सांगते.

माझा जन्म एका फोटोवरून झाला. देश स्थापन झाला त्या दिवसाचा तो फोटो. लांब टेबल, नऊ माणसं, त्यांत मधोमध देशाचे संस्थापक. त्यांना सगळे थोरले साहेब म्हणत. त्यांच्या शेजारी एक काळीसावळी नावाडीण ताठ बसलेली, आणि साहेबांचा हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर. वेढा पडला तेव्हा नावाड्यांनीच त्यांना नदीपार नेलं होतं. शाळेच्या पुस्तकांत मात्र आठच जण आहेत.

हा फोटो नावाडिणीच्या पणतीने ट्रंकेत जपला होता. तिने तो सिनेमाच्या ऑफिसात आणला तेव्हा दिग्दर्शकाचे डोळे भरून आले. आपल्या सिनेमात सगळे असतील, असं त्यांनी पेपरवाल्यांना सांगितलं आणि पणजीचं काम पणतीलाच दिलं. वाक्य एकच होतं : "आमचीही सही घ्या."

सुतारकाकांनी फोटो भिंगाखाली धरून मला घडवलं. पणती पहिल्यांदा बसली तेव्हा म्हणाले, "पोरी, तुझ्या पणजीला टेकायला होती तेवढीच पाठ केलीय. एक सूत इकडचं तिकडे नाही."

ती रोज सगळ्यांच्या आधी येऊन माझ्यावर बसायची आणि रिकाम्या खोलीला ते वाक्य म्हणून दाखवायची. कधी दबकत, कधी ठणकावून. माझंही पाठ झालं.

सेटवर खुर्चीची जागा जमिनीवर टेप चिकटवून ठरवतात. शूटिंगच्या पहिल्या दिवशी माझी टेप साहेबांच्या खुर्चीला लागून होती. दुसऱ्या दिवशी ती टेबलाच्या टोकाला गेली; कॅमेऱ्याची अडचण आहे म्हणाले. तिसऱ्या दिवशी भिंतीपाशी, कारण पैसे घालणारे गृहस्थ येऊन गेले होते आणि त्यांना वाटत होतं, प्रेक्षक गोंधळतील. चौथ्या दिवशी दाराजवळ, आणि पणतीच्या हातात पाण्याच्या ग्लासांचा ट्रे. कुणी आवाज चढवला नाही. गोड बोलून काटा काढणं म्हणजे काय, ते मी तिथे पाहिलं.

साहेबांचं काम करणाऱ्या नटाची मात्र पंचाईत झाली. तालमींत महिनाभर माझ्या पाठीवर टेकायची सवय झालेला हात दर शॉटला हवेत जायचा. शेवटी त्याला तो टेबलावर ठेवायला सांगितलं.

पाचव्या दिवशी माझी टेपच नव्हती. जमिनीवर चिकट डाग तेवढा उरला होता. त्याच दुपारी ऑफिसातून निरोप आला, जुना फोटो जमा करा. फाटकावर पिशव्या तपासायला सुरुवात झाली.

"काका," पणती म्हणाली, "हा गेला तर ती होती हे कुणाला पटवून देऊ मी?"

काकांनी माझी बैठक उसवली, फोटो फडक्यात गुंडाळून आत सरकवला आणि पुन्हा खिळे ठोकले. "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं," एवढंच म्हणाले. ऑफिसात त्यांनी फोटो हरवल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून दोघांचेही पास बंद झाले.

काका, उजाडायला फार वेळ लागतोय.

सिनेमा खूप चालला म्हणे. आता त्या सेटचंच संग्रहालय होणार आहे, हे मला हमालांच्या बोलण्यातून कळलं. 'हीच ती खोली' अशी पाटीसुद्धा तयार आहे. आठ खुर्च्या पॉलिश होऊन गेल्या.

परवा फाटकावर पणतीचा आवाज आला. काका दम्याने अंथरुणाला खिळलेत, असं काहीतरी ती सांगत होती. पहारेकऱ्याने विचारलं, "आत तुमचं काय राहिलंय?" खरं सांगितलं असतं तर फोटो ऑफिसातच गेला असता. ती तशीच निघून गेली. मला हाक मारता आली असती तर मारली असती.

आज सकाळपासून गोदाम रिकामं करताहेत. आधी खोटे खांब फुटले, मग नावाड्यांची होडी फुटली. माझ्यापुढे आता एक शिडी उरली आहे.

कुऱ्हाडवाल्या दादा, मला तोडायचं तर तोड. लाकूडच मी, आज ना उद्या चुलीत जायचंच. पण आधी माझी बैठक उसव. तेवढा वेळ नसेल तर घाव पाठीवर घाल, पायांवर घाल. बसायच्या जागेवर घालू नकोस. तिथे अजून एक बाई बसलेली आहे.