न धुतलेली गाठ

बड्या सरांच्या प्रयोगशाळेचा एक नियम होता. ऑपरेशनमधून आलेली अंडाशयाची गाठ आधी धुऊन लख्ख करायची. रक्त, चरबी, गाठीभोवती जमलेल्या रोगप्रतिकारक पेशी, सगळं कचऱ्यात. मग उरलेल्या कॅन्सरच्या पेशींवर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक टाकायचं आणि त्या ढिम्म बसल्या की जाहीर करायचं, इस्ट्रोजेन निर्दोष आहे. साक्षीदार हाकलून द्यायचे आणि मग म्हणायचं, कुणी काही पाहिलंच नाही! या अकलेवर सर वर्षानुवर्षं हार घालून घेत होते.

याच अकलेपायी अंडाशयाचा कॅन्सर झालेली एक मावशी उपचाराबाहेर राहिली. इस्ट्रोजेन रोखणाऱ्या गोळीची चाचणी सुरू होती. मावशीची गाठ इस्ट्रोजेनला दाद देत नाही, म्हणून तिला गोळी नाही. केमोने तर कधीच हात टेकले होते.

तिची भाची त्याच प्रयोगशाळेत संशोधक. तिने मावशीच्या गाठीचा तुकडा न धुताच वाढवला आणि इस्ट्रोजेन दिलं. गाठ ढिम्मच, पण भोवतालच्या काही पेशी फितूर झाल्या. कॅन्सरला मारायला आलेल्या पेशींना त्यांनीच दारात अडवलं. इस्ट्रोजेन रोखलं, तशी वाट मोकळी झाली.

भाची आलेख घेऊन तडक सरांच्या केबिनमध्ये गेली.

"घाण नमुना आहे हा," सर म्हणाले.

"बाईच्या पोटातही गाठ धुतलेली नसते, सर."

"जीभ फार चालते तुझी. मावशी आहे म्हणून हा आटापिटा."

"हो, म्हणूनच. पुढे बोला."

सरांनी आलेख पुन्हा पाहिला. चष्मा पुसला. आवाज एकदम लोण्यासारखा झाला. "तसं मला हे कधीपासून वाटतच होतं. पेपर माझ्या नावावर जाईल. तुझे आभार मानू की शेवटी! मावशीसाठी खास परवानगी मिळवतो."

भाचीने दात आवळले. "आधी परवानगी. मग पेपर."

पुढच्या सभेत सर गरजले, "गाठ धुणारे मूर्ख आहेत!" धुणारे सगळे पहिल्या रांगेत टाळ्या पिटत होते.

इकडे मावशीने पहिली गोळी तळहातावर घेतली. "एवढ्याशा गोळीसाठी आख्खा शोध दिलास त्या टकल्याला?"

"दिला."

"आणि ही लागू पडेल?"

"माहीत नाही, मावशी."

"म्हणजे त्याला रोख आणि मला उधार," मावशी म्हणाली. "दे पाणी."