कोऱ्याला पाणी सुटलं

मी कोरा बोलतोय. हेच माझं नाव आणि हेच माझं काम. तळहाताएवढा गोल, पांढराशुभ्र, काचेच्या तंतूंचा गाळणकागद होतो मी. आता अर्धाच उरलोय, ते कसं ते सांगतो.

कारखान्यातून आलो तेव्हा आम्हा साठ भावांना भट्टीत भाजून काढलं, जन्माचा मळ राहू नये म्हणून. मग संघप्रियाताईंनी आम्हाला डब्यांत घालून थेट अंटार्क्टिकावर नेलं. ताई लोहारा तालुक्यातल्या सास्तूरच्या. गाव विचारायचं, "पोरगी बरफात करती काय?" त्यांची आई केशरबाई सांगायची, "हवा गाळती." लोक हसायचे. पण खरंच, तेच काम होतं.

माझे भाऊ यंत्रात आठवडाभर बसायचे आणि हवेतले कण धरायचे. कुणावर समुद्राचं मीठ, कुणावर पाण्यातल्या शेवाळानं हवेत सोडलेला गंधक. कोणता कण कशाचा बनलाय आणि किती पाणी पितो, त्यावर तिथले ढग ठरतात. आम्ही पाच जण मात्र कोरे. आम्हाला यंत्राचा हवा ओढणारा पंप बंद ठेवून मिनिटभर बसवायचं आणि परत डबीत घालायचं. आम्ही स्वच्छ निघालो तर समजायचं, भावांवर जे आलं ते हवेतूनच आलं, माणसाच्या हातून नाही. काहीच न करणं सोपं वाटतं होय तुम्हाला? एकदा राहून बघा.

ऐन हिवाळ्यात, जेव्हा तिथं ना जहाज येतं ना विमान, तेव्हा सास्तूरहून केशरबाईचा फोन आला. ताईंचे वडील आबाराव गेले होते. ताई एवढंच म्हणाल्या, "बरं." फोन ठेवला आणि यंत्राकडं आल्या. सोबतचे म्हणाले, आज राहू द्या. "आज कोऱ्याची पाळी आहे," ताई म्हणाल्या.

त्यांनी मला चिमट्यानं उचललं, नीट बसवलं. तेव्हा वरून एक थेंब पडला. गरम होता. ताईंना कळलंही नाही. मला कळलं, पण कागदाला तोंड असतं का?

परत आल्यावर प्रयोगशाळेत मला मधोमध कापलं. अर्धा पाण्यात धुतला आणि त्या पाण्यात मीठ सापडलं. मोठे साहेब भडकले. "कोऱ्यावर मीठ? मग बाकीच्यांवरचं तरी हवेतलं कशावरून? महिनाभरात कारण सांगा, नाहीतर सगळी मोजणी रद्द." ताईंना काही आठवेना. उरलेला अर्धा मी डबीतून त्यांच्याबरोबर सास्तूरला आलो.

घरात आबारावांचा फोटो होता, पण त्यांचं नाव कुणी काढत नव्हतं. केशरबाई भाकरी वाढायची, शेळीचं बोलायची, सोयाबीनचं बोलायची. शेजारची प्रेमाबाई मात्र दारातूनच बोलली, "बापाच्या मातीलाबी आली न्हाय, आन रडलीबी न्हाय म्हणं." केशरबाईलाही तेच सलत होतं. ते "बरं" तिच्या कानातून जात नव्हतं.

मग झड लागली. चार दिवस ऊन नाही. मी फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी. केशरबाईनं सहज डबीचं झाकण उघडलं.

"हे काय गं, बरफातनं पापड आणलास व्हय?"

"राहू दे माय, तो कोरा आहे. त्याच्यावर काही नाही."

"काई न्हाय कसं? पाणी सुटलंय की याला." माझ्यावर कापलेल्या कडेला शेंगदाण्याएवढा ओला डाग उमटला होता. बाकी मी खडखडीत होतो.

"पाणी सुटत नाही माय. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं."

"सुटू दे न्हायतर ओढू दे. मीठ हाय का न्हाय हितं? हात लागला असता तर समद्याला लागला असता. ह्यो तर थेंब हाय. कशाचा?"

ताईंनी डबी उजेडात धरली. डबीवरची तारीख त्यांनी वाचली. मग हळूच म्हणाल्या, "माय, हा त्या दिवशीचा आहे. तुझा फोन आला त्या दिवशीचा."

केशरबाई लेकीजवळ येऊन बसली. "रडली व्हतीस तू?"

"मला माहीतच नव्हतं गं." आणि मग त्या जे रडल्या ते वर्षभराचं रडल्या. केशरबाईनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, आणि पहिल्यांदा आबारावांचं बोलली. शेवटच्या दिवशी त्यांनी काय खाल्लं, लेकीचं नाव किती वेळा घेतलं, सगळं.

ताईंनी साहेबांना लिहून पाठवलं: "हा कोरा हिशेबात धरू नये. बसवताना यावर माझे अश्रू पडले. वडील वारले तो दिवस होता." बाकीचे चार कोरे स्वच्छ निघाले, भावांची मोजणी वाचली. बाद झालो तो मी एकटा.

कोरा म्हणून मी वाया गेलो, हे मला मान्य आहे. पण मला कुणी धुऊ नका, एवढंच मागणं आहे. ताई कामावर गेल्या, मी इथंच आहे, आबारावांच्या फोटोखाली. ऊन पडलं की वाळतो, आभाळ भरून आलं की तेवढाच डाग ओला होतो. तेव्हा केशरबाई झाकण काढून मला फोटोसमोर धरते आणि म्हणते, "आवो, बघा. तुमच्या लेकीचं हाय."