घरातलं दुसरं बीपी

त्या घरात बीपीचा मान सासूबाईंचा. मशीन त्यांचं, गोळ्यांची डबी त्यांची, आणि "माझं बीपी वाढवू नका" हे ब्रह्मास्त्रही त्यांचंच. ते सुटलं की मुलगा मुकाट्याने टीव्हीचा आवाज कमी करायचा आणि सूनबाई गालातल्या गालात हसायची. सासू-सुना मिळून शाळेचे गणवेश शिवून द्यायच्या. कापणं सासूबाईंचं, शिवणं सुनेचं.

बाळ तीन महिन्यांचं झालं, तरी सुनेची डोकेदुखी थांबली नव्हती. दिवस भरत आले तेव्हा तिचं बीपी चढलं होतं, गोळ्याही सुरू होत्या. पण बाळ सुखरूप हातात आलं आणि त्या आनंदात गोळ्या सगळेच विसरले. ती डोकं धरून बसली की सासूबाई म्हणायच्या, "लेकरू रात्रभर जागवतं, मग डोकं दुखणार नाही तर काय!"

एके सकाळी मशीनने सासूबाईंना चक्क तरुण बाईचा आकडा दाखवला. इतकं चांगलं बीपी आपलं असूच शकत नाही, अशी त्यांची खात्रीच होती.

"बिघडलंय मेलं. तू लावून बघ गं."

सुनेने पट्टा बांधला. आकडा भलताच वर गेला. सासूबाईंना अगदी समाधान वाटलं. "बघ, म्हटलं नव्हतं? पार कामातून गेलंय."

मुलगा मशीन दुरुस्तीला न्यायला निघाला. पण दुकानदारापुढे हसं नको म्हणून त्याने आधी स्वतःचं बीपी बघितलं. ठीक. शेजारच्या मास्तरीणबाईंना हाक मारली. त्यांचंही ठीक. सासूबाईंचं पुन्हा तसंच, छान. मग सुनेला शांत बसवून परत लावलं. आकडा तिथेच, वर.

"आई, तुमचा मान नाही हो घेत मी," सून हसत म्हणाली आणि तिने डोळे चोळले. "फक्त सकाळपासून एका सुईच्या दोन सुया दिसतायत."

"गाडी बोलाव," त्या मुलावर ओरडल्या. "आधी गाडी बोलाव!"

दवाखान्यात सुनेला लगेच औषध दिलं आणि झोपवून ठेवलं. आकडा उतरायला लागला तेव्हा कुठे डॉक्टरीणबाई खुर्चीत टेकल्या.

"वेळेवर आणलंत. बाळंतपणात चढलेलं बीपी काही जणींचं नंतरही उतरत नाही. बाळाला पाजताना चालतील अशा गोळ्या देते, त्या मनाने बंद करायच्या नाहीत." मग त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. "तुम्हालाही आहे ना? कधीपासून?"

"झाली की पाच-सहा वर्षं."

"ते सापडल्यापासून. त्याआधी? या मुलाच्या वेळी काही त्रास?"

नाही म्हणायला सासूबाईंनी तोंड उघडलं आणि त्या थबकल्या. सुजून चपलेत न मावणारे पाय त्यांना आठवले. मुलगा रांगायला लागला तरी डोकं ठणकायचं. कपाळाला फडकं आवळून त्या कात्री चालवत राहायच्या. त्या वयातल्या स्वतःची त्यांना फार दया आली. "होता की त्रास," त्या हळूच म्हणाल्या.

"तेव्हा कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं होतं हो. ज्याला त्याला सांगितलं होतं." सासूबाईंनी कॉटवरच्या सुनेकडे पाहिलं. "हिनेही मला सांगितलं होतं."