एका खुंट्याची ओवी

आपल्या ओव्या छापून येणार, हे अजीजुन्निसाने अख्ख्या गल्लीला आधीच सांगून टाकले होते. माघार घेण्याची सोय तिने स्वतःच ठेवली नव्हती.

सावळाराम मास्तर भोर संस्थानातल्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवत. पुण्याच्या एका संशोधक मंडळासाठी ते जात्यावरच्या ओव्या जमवत होते, पण पद्धत प्रयोगशाळेची: प्रत्येक बाई एकटी बसवायची, म्हणजे एकीचे ऐकून दुसरी म्हणणार नाही. त्या सकाळी अजीजुन्निसाच्या ओसरीवर त्यांनी कागदांचे दोन गठ्ठे मांडले.

"दोन कशाला, मास्तर?" तिने विचारले.

"हा हिंदू बायकांचा, हा तुमचा. मंडळाला समाजवार हवं आहे. तुमच्या ओव्या परिशिष्टात येतील."

"म्हंजे कुठं?"

"पुस्तकाच्या शेवटी."

"शेपटाला," शेजारची बनाबाई म्हणाली. ती रोज इथेच, ओसरीवरच्या याच जात्यावर दळायला येई.

अजीजुन्निसाच्या आईनेही ओव्या याच बोलीत म्हटल्या होत्या. मग शेवटी का, हे तिला उमगेना. गल्ली काय म्हणेल, ते मात्र नीट उमगले.

मास्तरांनी तिला आत पाठवले आणि बनाबाईला म्हणायला सांगितले.

"उजाडाया आलं बाई, पीठ पांढरं चांदनं..."

बनाबाई थांबली. मास्तरांचा टाकही थांबला.

"पुढं?"

"पुढलं अजीजचं हाय."

"तुम्ही ऐकलं असेलच की."

"लगीन होऊन आल्यापासनं ऐकतीया. म्हनून काय माजं झालं व्हय? खुंट्याला दोघींचा हात. येकीनं उचलायचं, दुसरीनं टेकवायचं."

मास्तरांना ही सबब वाटली. त्यांनी आणखी काही ओव्या म्हणवून पाहिल्या; प्रत्येकीच्या मध्यावर बनाबाई थांबली. तेव्हा त्यांनी अजीजुन्निसाला बाहेर बोलावले. दाराआडून तिने सगळे ऐकले होते.

"तिची ओळ त्या गठ्ठ्यात, माजी या गठ्ठ्यात. व्हय ना?" ती म्हणाली. "मग फाडा ववी मधनं."

मास्तर दोन्ही गठ्ठ्यांकडे पाहत राहिले. नमुना तोडून तपासला तर हाती नमुना उरत नाही, एवढे शास्त्र त्यांना येत होते.

"ओवी अखंड लिहून कागदावरचा समाजाचा रकाना रिकामा ठेवला, तर मंडळ कदाचित छापणारच नाही," ते म्हणाले.

गल्लीला काय सांगायचे, याचा अजीजुन्निसाने क्षणभर विचार केला.

"न्हाई छापलं तर न्हाई. पर लिवायचं तर दोघींचं येका कागदावर."

मास्तरांनी कोरा कागद घेतला. दोघी समोरासमोर बसल्या, जात्यात मूठभर नाचणी पडली. बनाबाईने पहिली ओळ उचलली आणि जात्याची फेरी न थांबता अजीजुन्निसाने दुसरी टेकवली:

"माज्या जात्यापाशी, मैतरनीचं नांदनं."

मास्तरांनी ओवी लिहिली, खाली दोन नावे लिहिली.

"नावं वाचा, मास्तर."

त्यांनी वाचली. समोरच्या घरातली फुलाबाई एव्हाना उंबऱ्यात येऊन उभी होती.

"आजून मोठ्यानं. फुलाबाईला कमी ऐकू येतं."

फुलाबाईचे कान चांगले शाबूत होते. मास्तरांनी तरीही वर्गातला आवाज लावला.